ढोलात काय आहे?

मी कुणावर पटकन विश्वास ठेवणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपलांकडं बघाल. म्हणू दे. कतारला, दोह्यात नऊ वर्षं बस चालवतोय आणि अजून माझ्या नावावर एक तक्रार नाही.

त्या दिवशी कंपनीनं सुदानी नाचणाऱ्यांची ड्यूटी दिली. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतून सात जणांना घ्यायचं आणि लुसैलच्या एका हॉलवर सोडायचं. लढाईत घरदार सोडून आलेली माणसं. घर सोडतानाची गोष्टच नाचून दाखवणार होती. त्यातल्या एका बाईजवळ चादरीत गुंडाळलेला लाकडी ढोल होता, दोन्ही तोंडांना कातडं. डिकीत ठेवा म्हटलं तर नाही. मांडीवर घेऊन बसली. आणि स्पीडब्रेकर आला की आतून खुळखुळ!

आमच्या गल्लीत हलगी वाजायची, ढोलकी वाजायची. आत काही भरलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यात बाई आवाज होऊ नये म्हणून ढोल छातीशी दाबून धरायला लागली. झालं! नशेच्या गोळ्याबिळ्या असणार. सापडल्या तर पहिला धरणार कुणाला? ड्रायव्हरला. नोकरी गेली तर सोलापुरात माझी तीन पोरं काय खाणार? विषाची परीक्षा कोण घेतंय! गेटवर सगळे उतरत होते तेवढ्यात मी गार्डला बाजूला घेतलं आणि सांगितलं, तो ढोल जरा बघा.

गेटवर सामान तपासायचं मशीन नव्हतं. गार्ड म्हणाला, उघडा, नाहीतर परत जा. बाई अरबीत काकुळतीला आली. इतक्या वर्षांत मलाही कळण्याइतकी अरबी आलीय: हा माझ्या बापानं बांधलाय, तो लढाईत गेला, ढोल सोडला तर पुन्हा असा बांधणारा आता कुणी नाही. गार्ड ऐकेना. शेवटी तिनं स्वतःच नखांनी गाठी सोडल्या.

आतून निघाली मूठभर ज्वारी.

बाईनं सांगितलं, त्यांच्या घरी ढोल बंद करताना त्या वर्षीच्या पिकाचे दाणे आत टाकायचे. हे तिथलं शेवटचं पीक. गार्डनं ‘खलास, यल्ला’, झालं, चला आता, म्हणून हात झटकले. बाई जमिनीवर बसून दाणे वेचायला लागली. ज्वारी हो! ज्या भाकरीवर मी वाढलो ती. मला माझीच किळस आली, तरी मी वेचायला वाकलो नाही.

हॉलमध्ये मागं उभं राहून मी नाच बघितला. माणसं घर सोडून पळतात तिथं ढोल कडाडायचा होता. आयोजक म्हणाले, रेकॉर्डिंग लावू. ती नको म्हणाली. सहा जण नुसते पाय आपटत पळाले आणि ती कसंबसं परत बांधलेल्या सैल कातड्यावर हात मारत राहिली. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. लोकांना वाटलं, असंच असतं. टाळ्या खूप पडल्या.

परतताना ती माझ्या मागच्या सीटवर बसली. सावकाश, मला कळेल अशा अरबीत तिनं विचारलं, “भाऊ, गार्डला कुणी सांगितलं, तू बघितलंस का?”

“नाही,” मी म्हणालो.

“दाण्यांचं फक्त आम्हा सात जणांनाच माहीत होतं,” ती म्हणाली.

आरशात बघितलं तर ती मान वळवून मागच्या सहा जणांना एकेक करून न्याहाळत होती.