तिच्या मुलाचं पुढे काय झालं?
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की दिल्लीतला तो वर्ग आठवतो. स्पर्धा परीक्षेसाठी महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना मी मानवी हक्क शिकवायला गाझियाबादहून जायचो. ऑगस्टच्या उकाड्यात एकदा मी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातल्या एका आईच्या साक्षीचं एक पान वाटलं. सैनिकांनी तिच्या मुलाला ट्रकमध्ये चढवलं, तिथे पान संपत होतं. मी फळ्यावर युद्धगुन्ह्याची व्याख्या लिहू लागलो, तोच उदगीरची एक मुलगी उभी राहिली. "सर, तिच्या मुलाचं पुढे काय झालं?" "यार, परीक्षेत ते थोडंच विचारणार आहेत!" मागून कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही. "पण सर, ती बाई कोर्टात तेच सांगायला आली असेल ना?" मी खडू खाली ठेवला आणि पुढचं वाचलंच नसल्याचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण साक्ष नेली आणि तिलाच वाचायला दिली. मुलगा सापडला नव्हता. आईने कोर्टाला एवढंच विनवलं होतं, की त्याचं नाव तरी नीट लिहून घ्या. कुणी न सांगता सगळ्या वर्गाने ते नाव वहीत लिहिलं, आदल्या दिवशी मागून बोललेला तो मुलगाही स्पेलिंग विचारत होता. आता साक्ष शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी वर्गात पाऊल ठेवत नाही, आणि दरवेळी मनातल्या मनात उदगीरच्या त्या मुलीचे आभार मानतो.