तेरा नंबरच्या काकू

काकूंच्या दारावर तेरा हा आकडा कुणी काढला हे मला नक्की ठाऊक आहे, कारण रंगाचा डबा मीच धरला होता. मठाच्या तिसऱ्या चौकात संन्याशांच्या बारा कोठड्या आहेत, एका रांगेत, सगळ्यांची दारं ठेंगणी. त्याच रांगेतलं शेवटचं दार काकूंच्या घराचं. आकडे घालायला आलेला पेंटर घाईत होता. त्यानं बारानंतर तेरा काढला, आणि तिकीट खिडकीवरचा मी शहाणा नुसता बघत राहिलो. पुढे नकाशा छापला तोही दारांवरचे आकडे बघून. झालं, काकूंचं घर प्रेक्षणीय स्थळ झालं.

काकू मठाच्या किल्ल्या सांभाळतात. एकेचाळीस कुलुपं सकाळी उघडायची, संध्याकाळी लावायची, जुडगा कार्यालयात जमा करायचा. आधी हे काम त्यांच्या यजमानांकडे होतं. ते गेल्यावर जुडगा काकूंकडे आला आणि त्या त्याच घरात राहत राहिल्या. कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. कार्यालयाच्या कागदांत ती खोली आजही रिकामी आहे. हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

दुपारी दोन घास खायला बसावं, तर दारात नकाशा घेऊन सहा माणसं उभी. एका बाईंनी पलंगावरच्या चादरीला हात लावला आणि ‘केवढी जुनी!’ म्हणाल्या. “जुनी नाही, मळकी आहे. आज धुवायचीच होती,” काकू म्हणाल्या. एकदा काकू वाटाणे सोलत होत्या, तेव्हा एका गृहस्थांनी बरोबरच्या मंडळींना हळू आवाजात सांगितलं, की संन्यासीही असेच जमिनीवर बसून कामं करायचे. मंडळींनी फोटो काढले.

असं काही झालं की काकू तरातरा माझ्या खिडकीशी यायच्या. “सरकारी भाषा तुला येते. लिही. चांगलं खरमरीत लिही.” मी असे अकरा अर्ज लिहिले. साहेब बदलत गेले, अर्ज फायलीत झोपा काढत राहिले.

पण मला डोळे आहेत. काकूंच्या दारात आधी एक स्टूल होतं. मग दोन झाली, मग चार. चहाचं पातेलं मोठं आलं. पायऱ्या चढून पाय सोलवटलेली एक म्हातारी पाण्याच्या बादलीत पाय घालून तासभर त्यांच्याकडे बसली होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, तरी दोघी डोळे पुसताना मी पाहिल्या. संध्याकाळी काकू दिवसभराची बातमी मला ऐकवायच्या: कोण आलं, कुणाचं नवऱ्याशी नकाशावरून वाजलं, कुणाचं पोर कोठडीत रुसून बसलं. शेवटी “काय वैताग आहे बाई!” असं म्हणून खुशीत घरी जायच्या. त्यांची लेक दूर असते. रविवारी फोन करते, पण तिला सारखी घाई असते.

मग नवे साहेब आले, आणि ते अर्ज वाचणारे निघाले! अकराच्या अकरा एका बैठकीत वाचले. आठ दिवसांत आकडा खरवडून काढला, दारापुढे साखळी लागली, साखळीवर पाटी: ‘खाजगी निवास. प्रवेश नाही.’ नकाशाही नवा आला, त्यात कोठड्या बाराच. साहेब स्वतः येऊन म्हणाले, “आता निवांत राहा.” काकू “उपकार झाले” म्हणाल्या.

साहेबांनी मला मात्र बाजूला घेऊन विचारलं होतं, “या बाई इथं कोणत्या हुकमानं राहतात?” मी म्हटलं, “जुना हुकूम आहे, शोधावा लागेल.” असा कुठलाच हुकूम नव्हता. साहेब पाटीच्या गडबडीत होते, म्हणून निभावलं.

पहिला आठवडा काकू खरंच निवांत होत्या. मग भर गर्दीत खिडकीशी येऊन किती वाजले ते विचारू लागल्या. घड्याळ बंद पडलंय म्हणे. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. एकदा कामासाठी तिकडे गेलो तर काकू साखळीच्या आत स्टुलावर बसलेल्या. माणसं पाटी वाचत होती, आवाज खाली आणत होती आणि पोरांना हाताला धरून माघारी फिरत होती. सगळी सभ्य माणसं. त्यांना नावं तरी कशी ठेवायची?

एका दुपारी काकू म्हणाल्या, “एक अर्ज लिहायचाय.”

“आता काय राहिलं?”

“साखळी वाऱ्यानं वाजते. पाटीनं उजेड अडतो.”

मी लिहायला लागलो. अर्धं पान झालं तेव्हा म्हणाल्या, “खोड ते सगळं. लोकांना येऊ द्या, असं लिही.”

मी वर बघितलं. त्या दुसरीकडेच बघत होत्या. “काकू, अहो, अकरा अर्ज—”

“माहीत आहे. माझीच अक्कल. तू लिही.”

मी लिहिलं, त्यांनी सही केली, आणि मी तो अर्ज माझ्या खणात टाकला. साहेबांच्या हातात आणखी एक कागद पडला असता तर ते हुकूम शोधायला बसले असते आणि काकू रस्त्यावर आल्या असत्या. मी बराच विचार केला होता, सगळा त्यांच्या वतीनं. रोज संध्याकाळी किल्ल्या जमा केल्या की त्या विचारायच्या, “उत्तर आलं?” मी सांगायचो, “साहेब बैठकीत आहेत.” महिनाभर बैठका चालल्या. मी विचारायचो, “आज काय विशेष?” त्या म्हणायच्या, “काय असणार?” आणि निघून जायच्या. मला वाईट वाटायचं, पण छप्पर तरी वाचलं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

परवा त्यांनी विचारलंच नाही. खिडकी बंद करत होतो, तेव्हा समोर येऊन उभ्या राहिल्या.

“आवक रजिस्टर बघितलं मी. माझा अर्ज त्यात नाही.”

मी हुकमाचं सगळं सांगून टाकलं. घर जाईल म्हटलं. साहेबांना थाप मारलीय, तेही सांगितलं.

“हे मला सांगायचं होतंस.”

“तुम्हाला उगाच घोर नको, म्हणून—”

“पाटी तरी मी मागितली होती. हे मी मागितलं नव्हतं.” मग म्हणाल्या, “सकाळी पहिलं कुलूप उघडताना ‘चल बाई’ म्हणाले, आणि आत्ता तुझ्याशी बोलतेय. मधे एक शब्द नाही. काल खोकले, तर स्वतःच दचकले.”

“लेकीकडे जाऊन या थोडे दिवस.”

“तिनं बोलावलं की जाईन. काढ तो अर्ज.”

मी काढला. त्यांनी तो उभ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“काकू, शेवटचं विचारतो. घर गेलं तर?”

“गेलं तर गेलं. त्या घरात बसून आता कुणाची वाट बघू, ते सांग.”

आवक कारकून अजून टेबलावर होता. आम्ही दोघं गेलो, शिक्का मारून घेतला, क्रमांक पडला. काकूंनी पोच घडी करून ठेवली. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनीच माझ्या दंडावर थोपटलं.

मी म्हटलं, “चला, तिसऱ्या चौकापर्यंत सोडतो तुम्हाला.”

“नको रे,” काकू म्हणाल्या, “तुला उशीर होईल. तुझी घरी वाट बघत असतील.”

आणि खरंच बघत होते.