रेसिड्यूचा धडा

आमचे शेजारी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळसा तपासायचे. ग्रॅमभर कोळसा मुशीत जाळायचा आणि उरलेली राख तोलायची, हे रोजचं काम. बोलतानाही ते शब्द तोलत असल्यासारखे थांबायचे. मी कॉलेजात गणित शिकवायचो. एकदा कुंपणापाशी त्यांनी विचारलं, “सर, रेसिड्यूचा धडा कधी घेऊन राहिले जी?”

“तुमच्या राखेचाच भाऊ तो,” मी गमतीने म्हणालो. “बिंदूभोवती फेरी मारून आलं की मालिकेतली बाकी सगळी पदं शून्य होतात. एकच उरतं, तोच रेसिड्यू, म्हणजे अवशेष.”

ते हसले नाहीत. “मले मांगं बसू देता का?”

शनिवारी रजा टाकून ते शेवटच्या बाकावर बसले. तास संपल्यावर मी त्यांची वही पाहिली. आधीची पानं पिवळी पडली होती, शाई विटली होती. अक्षर मात्र त्यांचंच. त्यांचं कॉलेज अर्धवट सुटलं, तिथून पुढे वही कोरी होती. तिथूनच आज त्यांनी लिहायला घेतलं होतं.

“याच्या पुढचं कधी?”

“सोमवारी.”

“सोमवारी मले ड्यूटी आहे जी,” ते म्हणाले. तरीही त्यांनी पुढचं पान उलटलं आणि वर सोमवारची तारीख टाकली.