बुटकीची डावी-उजवी बाजू

दौंडबाहेर पाटस रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये मच्छिंद्रचं कमानपाट्यांचं दुकान होतं. ट्रकखालचा पाटा तुटला की ड्रायव्हर सरळ त्याच्याकडे यायचे. बाप कोंडिबा जन्मभर मेंढरांमागं फिरला. मच्छिंद्रनं मेंढरं सोडून घण धरला. तापलेला पाटा कधी पाण्यात सोडायचा हे त्याला रंगावरून कळायचं. गिऱ्हाईकाशी काय बोलायचं ते मात्र कळायचं नाही. ती बाजू बायको अनसाबाई सांभाळायची.

नव्व्याण्णव साली पावसाळ्यात कुरकुंभच्या कंपनीतला मेंटेनन्सचा धम्मदीप टेम्पोत घालून एक गाडी घेऊन आला. दोनच सीटा, डोक्यावर टप नाही, बनावट परदेशी, आणि वयानं मच्छिंद्रपेक्षा थोरली. शिरूरच्या एका बंगल्यामागं ती वीस वर्षं उभी होती. जमिनीला इतकी टेकलेली, की मच्छिंद्रला वाटलं पाटे आधीच मोडलेत.

"नाही मामा, ही असतेच एवढी," धम्मदीप म्हणाला.

"मंग खड्ड्यात काय करती?"

"खड्ड्यात न्यायचीच नाही."

"आन् दौंडला आणली व्हय?"

तेव्हापासून ती बुटकी झाली. मागचे पाटे मच्छिंद्रनं असे बनवून दिले की धम्मदीपनं पुढची बाजूही त्याच्याच हवाली केली. पुढं मात्र पाटे नव्हते. वेटोळ्या स्प्रिंगा, चार आर्म, चाक ज्यांवर वळतं त्या उभ्या पिना, त्यांच्या आट्यांवर चढणारी बुचं आणि सांध्यांतले ओंजळभर बुश निघाले. डाव्या-उजव्या बाजूचे भाग जुळ्या भावांसारखे दिसत. धम्मदीप खुणा करायला पेंट आणायला निघाला, तर मच्छिंद्र म्हणाला, "खडूनं लिहा की, पुरतंय." मग धम्मदीपनं एकेका भागावर 'डा' आणि 'उ' असं लिहिलं, सगळं एका पोत्यावर मांडलं आणि नवं रबर मागवलं.

घाई होती ती रश्मीच्या लग्नाची. रश्मी धम्मदीपची धाकटी बहीण. दसऱ्यानंतरच्या रविवारी शिरूरला लग्न होतं आणि मंडपापर्यंत बुटकी स्वतः चालवत न्यायची असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. नवरा शेजारी बसेल. लाजला तर मागून यष्टीनं येईल, म्हणाली.

खंडेनवमीला सकाळी मच्छिंद्र एका अडलेल्या ट्रकसाठी यवतकडे गेला आणि दुपारी परतला. अनसाबाईनं शेड सारवल्यासारखी लख्ख केली होती. घण, सांडशी, पाने, पक्कड, सगळी हत्यारं डिझेलमध्ये धुऊन, फडक्यानं पुसून पाटावर मांडलेली. झेंडूची माळ, हळदकुंकू. आणि हत्यारांच्या पुढं, मोठ्यापासून बारक्यापर्यंत नीट ओळीत, बुटकीचे भाग. तेही धुतलेले, चकचकीत.

मच्छिंद्रनं एक आर्म उचलून उलटसुलट करत खडूची खूण शोधली.

"कशाला धुतलंस?"

"वर्साचा सण. लोखंड तसंच मळकं ठेवू व्हय?"

"त्यावर लिहिलं हुतं."

"पांढरं काय लागलं हुतं ते? मला वाटलं, चुना." तिचा हात तोंडाशी गेला.

मच्छिंद्रनं दोन्ही उभ्या पिना हातात घेतल्या. एकीचे आटे सुलटे, दुसरीचे उलटे. म्हणजे ज्यानं गाडी घडवली त्यानं प्रत्येक बाजूला वेगळी पिन मुद्दाम दिलेली. उजवीकडची डावीकडं बसली, तर वळता वळता बूच सुटत जाणार आणि चाक निखळणार. आणि स्टेअरिंगवर नवरी.

"पाना दे गं."

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या सीमोल्लंघन झाल्यावर."

"आन् हे भाग? हेबी पूजंतच हायेत की."

"ते काय हत्यार न्हाई."

"मंग पूजंत कशाला मांडलंस?"

अनसाबाईनं झेंडूची माळ सरळ केली. मग म्हणाली, "दोन कळप एकात मिसळले, तर मामंजी काय करायचे?"

"काय करायचे? कोंडलेली पिल्लं सोडायचे. पिल्लू आपल्या आईकडं जायचं, तिला बाजूला घ्यायचे."

"मंग सोडा की पिल्लं."

मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं आणि बारक्या टोकाकडून सुरुवात केली. एक बुश उचलला. एका अंगानं झिजून तो लंबगोल झालेला. चारही आर्मांच्या डोळ्यांत, म्हणजे टोकाच्या भोकांत, तो घालून पाहिला. तिघांत खडखडला, चौथ्यात झीज झिजेवर येऊन गप बसला. उलट्या आट्यांच्या पिनेवर एकच बूच चढलं, दुसरं चढेना. त्या बुचाच्या कडेला घासल्याचा चट्टा होता, तसाच चट्टा एका आर्मवर सापडला. अनसाबाई एकेक बारका भाग हातात देत होती आणि मच्छिंद्र त्याची आई शोधत होता. तासाभरात दोन ढीग झाले. आता कोणता ढीग कोणत्या बाजूचा, एवढंच राहिलं. त्याचं उत्तर बुटकीपाशी होतं. चासीवरचे आडवे दांडे काढलेलेच नव्हते. मच्छिंद्र खाली सरकला, एकेक आर्म दांड्याला लावून झीज जुळते का बघू लागला.

तेवढ्यात पहिली पाळी संपवून धम्मदीप नव्या रबराचा खोका घेऊन दारात उभा राहिला. स्प्रिंगांना कुंकू लागलेलं त्यानं पाहिलं.

मच्छिंद्र गाडीखालून बाहेर आला. काही न बोलता भाग बसवून टाकता आले असते. त्यानं हातातला आर्म खाली ठेवला. "साहेब, खडू गेला. धुतला गेला."

"मी धुतला," अनसाबाई म्हणाली. "त्यांचा दोष न्हाई."

धम्मदीप खोक्यावरच टेकला. "मामा, रविवारी रश्मी चालवणार आहे."

"म्हनून तर सांगितलं."

धम्मदीप उठून दोन्ही ढिगांपाशी उकिडवा बसला. मग त्यानं विचारलं, "उजवी स्प्रिंग कोणती?"

"ही."

"कशावरून?"

"दुसरीपेक्षा अर्धं बोट बसलीय. ड्रायव्हरची बाजू. मालक एकटाच फिरत असणार."

धम्मदीपनं खिशातून डायरी काढली. गाडी उघडताना त्यानं स्प्रिंगा तेवढ्या मोजून ठेवल्या होत्या. आकडा वाचला, स्प्रिंगेला मोजायची टेप लावली, जुळलं तशी डायरी मिटली. "बाकीचंही दाखवा," म्हणाला.

मच्छिंद्रनं एकेक जोडी दाखवली. इतकं तो वर्षभरात बोलला नसेल.

"मामी, या स्प्रिंगांचं कुंकू?" धम्मदीपनं शेवटी विचारलं.

"पुसू का?"

"राहू दे. गंज तर धरणार नाही ना?"

"आमच्या घणाला आजवर धरला न्हाई."

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पान्याला हात लागला आणि शुक्रवारपर्यंत बुटकी चाकांवर उभी राहिली.

शनिवारी सकाळी रश्मी आली. मच्छिंद्रनं पहिली चक्कर आपण धम्मदीपसोबत मारायची ठरवली होती. रश्मीनं मात्र चावी घेतली आणि शेजारची सीट थोपटली. "मामी, बसा."

"मी?"

"धुतली तुम्हीच ना?"

अनसाबाईनं पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि बसली. गाडी कुरकुंभच्या अंगाला लागली. मच्छिंद्रला बायको दिसतच नव्हती. तो फक्त पुढच्या दोन चाकांकडं बघत होता, ती लिंबाच्या झाडाआड जाईपर्यंत. धम्मदीपनं चहा सांगितला. मच्छिंद्रनं कप हातात धरला, प्यायला नाही.

वीस मिनिटांनी बुटकी परत आली. अनसाबाईचा पदर खांद्यावर उडालेला आणि केसांत धूळ.

"मामी म्हणाल्या, हात सोडून बघ," रश्मी म्हणाली. "सोडला."

"मंग?" मच्छिंद्रनं विचारलं.

"सरळ गेली. बोटभरही ओढत नाही."

"आन् वळताना?"

"वळणावर मीच म्हणलं, अजून एकदा," अनसाबाई म्हणाली. "चार डाव वळलो आम्ही."

मच्छिंद्रनं कप खाली ठेवला, पोतं पसरलं आणि तरीही एकदा गाडीखाली गेला. दोन्ही पिनांची बुचं बोटांनी चाचपली. जागच्या जागी होती. तरी तो तिथंच पडून राहिला.

अनसाबाई वाकली. "आता निघा की भाईर. उद्या लग्न हाय, तिला शिरूर गाठायचंय."