संत्र्यावरचे डाग

राजापेठेत क्लासला असताना मी मित्रांच्या खोलीवर नशेच्या गोळ्या घेतल्या. नशा उतरली, पण नशेत डोळ्यांपुढे आलेले ठिपके राहिलेच. शेंदूरजनाघाटला आमच्या बागेत गेलो, तर संत्र्यांवर डागच डाग. झाडांना रोग लागलाय, असं मी बाबांना सांगून बसलो. त्यांना एकही डाग दिसत नव्हता, तरी शिकलेल्या पोराचा शब्द म्हणून त्यांनी पाठीवर पंप घेऊन निरोगी झाडांवर दोनदा फवारणी केली. डाग हलेनात, वर आभाळातही तेच दिसले, तेव्हा मला उमजलं की ते माझ्याच डोळ्यांतले आहेत. तरी गप्प बसलो. भित्रा कुठला!

अकोल्याच्या डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांगितलं. त्यांच्या औषधाने ठिपके विरळ झाले, गेले नाहीत. बाबांना वाटतं, पोराची नजरच कमजोर आहे. परवा त्यांनी एक संत्रं सदऱ्याला पुसून माझ्यापुढे धरलं.

"आता साफ दिसून राहिलं का तुले?"

"हो बाबा."

त्यांनी ते पुन्हा पुसलं.