गोळीच्या खाचेतलं कुंकू

गोळी नळीत सारायला हिंदुरावानं रायफलीचा बोल्ट पुढं ढकलला आणि तो अर्ध्यातच अडला. दुसरी गोळी घातली, तिचंही तेच. उभी उमेद फौजेत हत्यारं सांभाळण्यात घालवलेला माणूस! आता सोलापुरात एका पतसंस्थेच्या दारात स्वतःची रायफल घेऊन पहारा करायचा. परवाना त्याच्या नावावर, उद्या ठाण्यात तपासणी, गोळी झाडून दाखवायची, आणि या नव्या कोऱ्या गोळ्या नळीत शिरायला तयार नाहीत. तपासणीत नापास म्हणजे परवाना गेला, नोकरीही गेली.

तळहाताचा एक दणका दिला असता तर बोल्ट बसलाही असता. पण अडलेली गोळी ठोकून बसवू नये, हे फौजेनं त्याला कान पिळून शिकवलं होतं. मंद्रूपला घरी येऊन परसात मातीच्या ढिगाकडं नळी करून तो बसला. आधी नळी आतून घासून लख्ख केली. गोळी अडलीच. मग जुन्यातली एक उरलेली घातली. ती कशी सर्रकन गेली! म्हणजे रायफल बिचारी निर्दोष. शेवटी बायकोच्या, सोजरबाईच्या डबीतलं काजळ त्यानं नव्या गोळीवर पातळसं फासलं, अलगद आत सरकवली, बाहेर काढली. काजळ एकाच जागी पुसलं होतं, मानेखाली. तिथं पितळ फुगलं होतं. कारखान्यातली गोळी अशी नसते. कुणीतरी झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी घरी दारू भरून, वर नवं टोक दाबून बसवलं होतं.

हा माल सयाजीनं आणला होता. सयाजी एकाच पलटणीतला, एका ताटात जेवलेला. सोजरबाई दरसाल त्याला भाऊबीजेला ओवाळायची. नव्या गोळ्या आणायला हिंदुरावानं पैसे आणि परवानासुद्धा डोळे झाकून त्याच्या हाती दिला होता. ‘दुकानदारानं गंडवलं असंल बिचाऱ्याला,’ असं म्हणत तो गोळीवरचं काजळ पुसू लागला. बुडाच्या खाचेत फडकं तांबडं झालं.

कुंकू! खंडेनवमीला सोजरबाई रायफलीची पूजा करायची तेव्हा धन्याचा जीव सांभाळ म्हणून एकेका गोळीच्या बुडालाही कुंकवाचं बोट लावायची. त्या गोळ्या दसऱ्यानंतर सरावात झाडल्या होत्या. रिकाम्या पुंगळ्या दुकानात जमा कराव्या लागतात, असं सांगून सयाजीनंच त्या नेल्या होत्या. दुकानदार कसला न् काय! पैसे खिशात घालून सयाजीनं त्याच पुंगळ्या भरून परत आणल्या होत्या.

निरोप धाडला तसा सयाजी हसत आला. सोजरबाईनं चहा दिला. हिंदुरावानं रायफल आणि ती गोळी त्याच्यापुढं ठेवली.

"लई घट्ट हाय बघ. तूच घाल. वाईच जोर लावून बोल्ट बसीव, आन् झाड त्या ढिगात."

"मी कशाला? तुज्या हाताला काय झालं?"

"घाल की, दादा," सोजरबाई म्हणाली.

सयाजीनं गोळीला हात लावला नाही. कप खाली ठेवून तो मागं सरकला. "नको, ताई. घरी भरलेली गोळी, तोंडावर फुटंल ती."

हिंदुरावानं गोळी उचलून घेतली.

"म्हंजे तुला ठावं हुतं," तो म्हणाला. "ठावं असून माज्या हातात दिलीस."

"आरं, बँकंच्या दारात कोण गोळी झाडतंय? तपासणी निघंल असं कुटं ठावं हुतं मला!"

हिंदुरावानं सगळ्या गोळ्या त्याच तांबड्या फडक्यात बांधल्या आणि पायात चपला घातल्या. "ऊठ. ठाण्यात तूच सांग."

सयाजीनं सोजरबाईकडं पाहिलं. तिनं त्याचा अर्धा चहा उचलला आणि मोरीत ओतून दिला.