पूजेत ठेवलेली व्हायल

बसा, चहा टाकलाय. आणि तुम्ही तो प्रश्न विचारायच्या आत मीच सांगून टाकते. नाय, माझी पीएचडी अजून झाली नाय! का नाय झाली ते ऐकलं तर म्हणाल, बाई, तुला शिकवायला ठेवलं कुणी?

देवगाव रंगारीच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. सकाळची एसटी, मग पोरांपुढं घसा फोड, दुपारची एसटी, आणि तिथून शहरात येऊन विद्यापीठाची लॅब. माझी निम्मी झोप एसटीच्या दांड्याला धरून उभ्यानंच झालीय. नवरा म्हणायचा, "सोडून दे ना." मी म्हणायचे, "आता एवढं केलंय, थोडक्यासाठी कशाला?" हे थोडकं काय संपायचं नाव घेत नव्हतं.

विषय होता सीताफळाचा पाला. हसू नका हो! कॅन्सरची गाठ वाढते ना, ती नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडं ओढून घेते. पाल्याच्या अर्कानं त्या वाहिन्या थांबतात का, एवढंच मला बघायचं होतं. पण थांबवायच्या तर आधी वाढवायला नकोत? त्यासाठी एक प्रथिन लागतं, रक्तवाहिन्या वाढवणारं. आपल्या अंगात ते आपोआप बनतं. लॅबसाठी मात्र माणसाचा जीन दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतात. म्हणजे आधी वाढवायचं, मग बंद पाडायचं. आपल्या गल्लीत नवा रस्ता करून लगेच पाइपसाठी खोदतात, अगदी तसंच.

हे प्रथिन परदेशातून यायचं. माझ्या गाईड सरांच्या ग्रँटमधून एकच व्हायल मागवली होती, म्हणजे झाकणाची बाटली, एवढीशी, करंगळीच्या पेराएवढी. ग्रँट तिथंच संपली. आणि सर डिसेंबरात रिटायर होणार होते. त्याआधी प्रबंध गेला तर गेला, नाहीतर नवा गाईड शोधा आणि पहिल्यापासून सुरू करा. माझा हा एकच प्रयोग उरला होता.

व्हायल आली ती नेमकी खंडेनवमीला! शहागंजचे रफिकभाई, आमच्या लॅबला सगळं सामान पुरवणारे, थर्माकोलचा डबा स्वतः घेऊन आले. लॅबमध्ये पूजेची गडबड. मायक्रोस्कोपला झेंडूचा हार, गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू. हार ओवत होती नाझनीन, माझ्यासोबतच पीएचडी करणारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. झेंडूचा हार तिच्यासारखा आख्ख्या विभागात कुणाला जमत नाय.

मला काय बुद्धी झाली कोण जाणे. म्हटलं, आपल्या आयुष्याचा शेवटचा प्रयोग आहे, देवानं बघू दे जरा. डब्यातून व्हायल काढली, मायक्रोस्कोपच्या पायाशी ठेवली, वर कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. आरती झाली, पेढे झाले, फोटो झाला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन, "नळ आलाय, लवकर ये!"

तुम्हाला तर माहीतच आहे, आपल्याकडं नळ आला म्हणजे बाकी सगळं बंद. आठवड्यानं एकदा येतो बाबा. मी पर्स उचलली आणि पळत सुटले. ड्रम भरले, हंडे भरले, कूलरसुद्धा भरला. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. सोमवारी लॅबचं दार उघडलं, तर सुकलेल्या झेंडूमध्ये माझी व्हायल, देवापुढं बसल्यासारखी!

मी पर्स तिथंच टाकली. उणे वीसला ठेवायची वस्तू, आणि ती आमच्या उन्हात आख्खी सुट्टी काढून बसलेली! आत निदान शिल्लक काय आहे ते तरी बघावं म्हणून मी झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं.

म्हणजे खरंच काही नाय. उजेडाकडं धरलं, नाय. डोळ्याला लावलं, नाय. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला! अरे, ही तर रिकामीच आली! म्हणजे माझी चूक नाय, पूजेचीही नाय. कंपनीनं फसवलं! थकलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की अंगात कशी ताकद येते म्हणता! मी तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, रिकामी व्हायल पाठवली!"

"काय सांगता मॅडम!" सर चष्मा पुसत उठले. त्यांनीही बघितलं. "खरंच की हो. बोलवा त्या रफिकभाईंना!"

बिचारे रफिकभाई! भर दुपारी स्कूटरवर आले, घामानं शर्ट भिजलेला. पाणीसुद्धा विचारलं नाय मी त्यांना.

"रफिकभाई, ही काय पद्धत झाली?"

"मॅडम, मैं तो डब्बा खोलाच नै. जैसा आया वैसा लाके दिया."

"मग काय मी खाल्लं का?"

"ऐसा कायकू बोल्रे मॅडम? इत्ते साल से माल देरा मैं."

आता तोपर्यंत केबिनच्या दारात सगळा विभाग गोळा झाला होता. आणि मला वर्गात शिकवायची खोड. प्रात्यक्षिक केल्याशिवाय मला चैन पडत नाय. मी व्हायल घेतली, डाव्या तळहातावर उलटी केली आणि वरून चांगली टकटक टकटक आपटली.

"हे बघा! पडलं का काही? सगळ्यांनी बघा! आहे का काही?"

सगळे म्हणाले, नाय. एवढ्यावर थांबावं ना? मी तोंडाला लावून आत फुंकर मारली. मग लॅबची शिस्त म्हणून बेसिनवर गेले, साबणानं हात स्वच्छ धुतले आणि पदराला पुसले.

रफिकभाईंनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तिकडून एक मुलगी बोलली, पुण्याची असावी, गोड आवाज.

"मॅडम, काळजी करू नका. व्हायल आल्यावर कुठे ठेवली होती?"

मी व्हायलचं लेबल वाचायला घेतलं. नाझनीन मात्र सरळ मनाची. "पूजेत होती मॅडम," तिनं सांगून टाकलं. "खंडेनवमीपासून आजपर्यंत."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"हरकत नाही," ती मुलगी म्हणाली. "सुकवलेलं प्रथिन आहे ना, थोडे दिवस बाहेर राहिलं तरी त्याला काही होत नाही. तुमच्यापर्यंत प्रवासातही ते नुसत्या बर्फाच्या पिशव्यांवरच आलंय."

मी एकदम जोरात, "पण ताई, ती रिकामी आहे!"

"रिकामी नसते मॅडम. इतकं कमी असतं की डोळ्यांना दिसतच नाही. तळाला किंवा झाकणाला चिकटलेलं असतं. म्हणून उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायचं. फक्त एक सांगा, व्हायल उघडून कुणी उलटी तर नाही ना केली?"

सगळे माझ्या हाताकडं बघू राहिले. हात कसा, साबणाचा वास मारत होता!

सर हळूच म्हणाले, "मॅडम... चांगला धुतला का हो?"

"व्हय सर," मी म्हटलं. "दोनदा."

रफिकभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की सांगता येत नाय. मी म्हटलं, "रफिकभाई, माफ करा मला." तर ते म्हणाले, "हौ मॅडम, होता है. पहले पानी पिलाव." दोन ग्लास पाणी दिलं त्यांना, आणि चहा. एक ग्लास मीही प्याले.

व्हायलमध्ये थोडंफार चिकटून राहिलं असेल म्हणून आम्ही ती धुऊन बघितली. ते पाणी पेशींवर टाकलं तर त्या खरंच जोडल्या गेल्या, बारीक बारीक नळ्या झाल्या! मी नाचायचीच बाकी राहिले. सरांनी मायक्रोस्कोपमधून डोकं काढलं आणि विचारलं, "किती प्रथिन टाकलं, हे प्रबंधात काय लिहिणार?" काय लिहिणार? बेसिनमध्ये किती गेलं ते मोजायला बेसिनच उचलून न्यावं लागलं असतं. तो प्रयोग धरता आला नाय. नवी व्हायल यायला ग्रँट नव्हती, आणि सर डिसेंबरात हार घालून घरी गेले. आमची निरोपाची भाषणं झाली, मी रडले. लोकांना वाटलं, सरांसाठी रडतेय. सरांसाठीच रडत होते म्हणा, पण निम्मंच.

मग काय, नवा गाईड शोधायचा. ज्याच्याकडं जावं त्याच्याकडं जागा नाय. कुणी म्हणे पुढच्या वर्षी या, कुणी म्हणे मॅडम, आता या वयात कशाला? दोनदा सोडूनच द्यावं वाटलं. मधल्या वर्षांत नाझनीनची पीएचडी झाली, तिला इथंच नोकरी लागली, पुढं तिला गाईडशिपही मिळाली. मुकुंदवाडीत घर घेतलं पोरीनं. जीव तिचा चांगला, मला म्हणाली, "मॅडम, मेरे पास आ जाओ ना. मी घेते तुम्हाला."

तर आता नाझनीन माझी गाईड आहे. मी तिला मॅडम म्हणते, ती मला मॅडम म्हणते, पोरांना कळत नाय नक्की कोण कुणाची मॅडम. मी म्हटलं, विषय काय द्यायचा तो तूच ठरव, माझ्यात आता विचार करायची ताकद राहिली नाय. तिनं आठ दिवस विचार केला आणि विषय दिला, "प्रयोगशाळेत हाताळताना प्रथिनं कशी आणि किती वाया जातात."

मी तिच्याकडं बघतच राहिले. तर ती काय म्हणाली माहितीये? हसलीसुद्धा नाय, अगदी मनापासून म्हणाली, "मॅडम, या विषयावर आख्ख्या मराठवाड्यात तुमच्याइतका अनुभव कुणालाच नाय."